रविवारचा नियम

फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. आमच्याकडे चटईची मशीन चालू असताना फोनची रिंग ऐकू येत नाही, खिशात थरथरला तरच कळतं. नाव बघितलं तर धुळ्याच्या रुबिनाभाभी, अक्काच्या समोरच्या दारातल्या. त्या मला कधी फोन करत नसत. मी शेडबाहेर येऊन कानाला लावला. "राजूभाऊ, ताई उठत नाहीयेत... ओट्याजवळ पडल्यात. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता म्हणून मी आले. डॉक्टरला बोलावलंय, पण तुम्ही निघाच." आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "आबांजवळ कोण आहे?" बहिणीला काय झालं हे विचारायच्या आधी माझ्या तोंडून हे निघालं. त्याला आता दोन महिने होत आले, पण त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. भाभींनी मात्र शांतपणे सांगितलं, आबांजवळ त्यांच्या सासूबाई बसल्या आहेत.

पोहोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. डॉक्टर म्हणाले हृदय, म्हणाले क्षणात गेल्या, म्हणाले त्रास झाला नसेल. असं ते सगळ्यांनाच सांगतात की काय, कोण जाणे. ओट्यावर डाळ करपून काळा पडलेला कुकर होता आणि पलीकडच्या खोलीत पलंगावर आबा, आमचे वडील. अक्का पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला असणार. उठता येत नाही, हाक मारावी तर शब्द धड फुटत नाहीत... भाभी आत आल्या तेव्हा आबांनी डाव्या हाताने पलंगाची दांडी धरली होती, आणि ती बोटं सोडवायला दोन माणसं लागली. हे मी फारसं कोणाला सांगत नाही. इथे लिहिलं, कारण न सांगून ते काही कमी झालेलं नाही.

अक्काचं नाव विजया. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, गेली तेव्हा चौपन्नची. धुळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि चांगलीच कडक होती. बाप्ये झालेली जुनी पोरं तिला रस्त्यात पाहिलं की मोटारसायकल हळू करायची. अकरा वर्षांपूर्वी आबांना लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि त्यांच्याकडे कोण बघणार हा प्रश्न आमच्या घरात अगदी झटपट सुटला. आई आधीच गेली होती. माझं जळगावला बिऱ्हाड, नोकरी, मुलगी. अक्काने लग्न केलेलं नव्हतं. ही तीन वाक्यं झाली आणि चौथं कोणी बोललंच नाही. तिने नोकरी सोडली. मी म्हणालो, "अक्का, मी दर रविवारी येत जाईन," आणि आपण फार मोठं काहीतरी कबूल केलं असं मला वाटलं. तसा मी येत राहिलो, त्यात खोटं नाही. सकाळच्या बसने निघायचं, बाराला पोहोचायचं, जेवायचं, आणि साडेचारच्या बसने परत. आठवड्यातले साडेचार तास माझे, बाकीचे सगळे तिचे.

दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. आबांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. एक बाई ठेवून पाहिली, आबांनी तिच्या अंगावर पेला भिरकावला. दुसरी आली, तिने आठ दिवसांत राम राम ठोकला. अक्कानेच भरवायचं, अक्कानेच पुसायचं, दुसऱ्याचा हात लागला की आबा लहान पोरासारखे रडायचे. भाजी आणायला ती निघाली की रुबिनाभाभी शिलाईचं काम हातात घेऊन येऊन बसायच्या, आणि ही पाऊण तासात धापा टाकत परत. गॅलरीतून दिसायचं ते अर्धं कडुनिंबाचं झाड आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या. एकदा म्हणाली, "राजू, त्या टाक्या अकरा आहेत. तू मोजशील तर नऊच दिसतील. उरलेल्या दोन बघायच्या तर कठड्यावरून वाकावं लागतं." मी हसलो होतो. मला तो विनोद वाटला.

पहिली आठ-साडेआठ वर्षं आमचे रविवार कसे जायचे हे आठवलं तरी जांभई येते. जेवण व्हायचं, टीव्ही लागायचा, आबा घोरायचे. बोलणार काय? माझ्याकडे सांगायला बाहेरचं सगळं होतं आणि ते तिच्यासमोर सांगायची लाज वाटायची. तिच्याकडे सांगायला आबांची औषधं होती, ती ऐकायचा मला कंटाळा यायचा. मग अडीच वर्षांपूर्वी दिवाळीत माझी मुलगी मानसी पुण्याहून एक खोका घेऊन आली आणि आत्याच्या पुढ्यात ठेवला. आत रंगीत फरश्या होत्या, हाताला गुळगुळीत लागणाऱ्या. त्या एकेक उचलून आपल्या भिंतीवर नक्षी पुरी करायची, आणि समोरच्याला नको त्या फरश्या घ्यायला लावायच्या. अक्काने नियमांचं इंग्रजी पुस्तक उघडलं, चष्मा लावला आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसं अख्खं वाचून काढलं. पहिला डाव मानसी जिंकली. दुसरा अक्का. तिसऱ्याला मानसी म्हणाली, "आत्या, तू तर डेंजर आहेस!" त्या दिवशी अक्काच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तिला वेडच लागलं म्हणा. बावन्नाव्या वर्षी एखादी बाई भजनी मंडळात जाते, ही कुरिअरवाल्याची वाट बघू लागली. सापशिडी-ल्युडोच्या पलीकडे खेळांचं एवढं जग आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मानसी तिकडून कोणाकोणाचे वापरलेले खेळ मिळवून धाडायची. खेळांची इंग्रजी नावं अक्काला आवडायची नाहीत, म्हणून तिने आपलीच ठेवली. पहिली ती फरशी. मग पक्षी आले, मग रूळ, मग बेट. नुसत्या फाशावर चालणारे खेळ तिला अजिबात खपायचे नाहीत. "फाशावरच सोडायचं तर डोकं कशाला दिलंय?" असं म्हणून तसला एक खेळ तिने खालच्या मजल्यावरच्या पोरांना देऊन टाकला. पत्त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घातली. भाभींकडच्या ब्लाउजपीसच्या तुकड्यांच्या थैल्या शिवून घेतल्या, प्रत्येक रंगाच्या सोंगट्यांना वेगळी. आणि जुनं इडलीपात्र कामाला लावलं. त्याच्या एकेका खळग्यात एकेक प्रकारचे ठोकळे, अधूनमधून इडलीचा बेत झाला की सगळे ठोकळे ताटात. एका रविवारी माझ्या इडलीतून लाल ठोकळा निघाला, तर म्हणते कशी, "दोन गुण तुला."

पक्ष्यांच्या खेळातले पक्षी परदेशी होते. तिने प्रत्येक पत्त्यावर बारीक चिठ्ठी चिकटवली आणि त्यातल्या त्यात जवळचं मराठी नाव लिहिलं. हा आपला कोतवाल, हा आपला धीवर, ही साळुंकीची लांबची बहीण. ज्याला काहीच जुळलं नाही त्यावर 'पाव्हणा' लिहून मोकळी. पण तिचा जीव खरा होता तो रूळ या खेळावर. मोठ्या नकाशावर गावांना जोडत आगगाडीचे रूळ टाकत न्यायचे. नकाशा कुठल्या तरी दूरच्या देशाचा. अक्काने त्या शहरांवर आपली गावं चिकटवली. धुळे, चाळीसगाव, पाचोरा, जामनेर, जळगाव, मुक्ताईनगर. पहूर आमच्या आईचं माहेर, ते तिने पार कोपऱ्यात टाकलं होतं. तिथे जायचे गुण सगळ्यांत कमी. तरी पहूरला रूळ नेल्याशिवाय तिचा डाव पुरा होत नसे, आणि त्यापायी ती हमखास हरायची. मी डिवचायचो, "अक्का, पहूरला कोण बसलंय तुझं?" तर म्हणायची, "तू गप खेळ. आज मी सकाळी मुक्ताईचं दर्शन घेऊन आले, आता दुपारची गाडी धरून मामाकडे चाललेय." अकरा वर्षांत ती धुळ्याबाहेर मुक्कामाला गेली नव्हती.

आबाही खेळात असायचेच. आधी ती त्यांच्या हातात नुसती सोंगटी द्यायची, पण एकदा त्यांनी ती तोंडात टाकली. अक्काने जबड्यात बोट घालून काढली, चावाही खाल्ला, आणि नंतर तिथेच जमिनीवर बसून हसत सुटली. मग आबांच्या सोंगटीचा प्रश्न आला. गिळता येणार नाही अशी हवी. तेव्हा कुठलंसं मोडलेलं लाटणं तिने शोधून काढलं आणि त्याची मूठ कापून घेतली. तीच आबांची सोंगटी. त्या नाजूक रंगीत सोंगट्यांमध्ये ती मूठ म्हणजे लग्नातल्या पंगतीत शिरलेला पैलवान, खालचं घरच दिसायचं नाही. आबांना मात्र ती मानवली. डाव्या मुठीत घट्ट धरून बसायचे, पाळी आली की अक्का हळूच सोडवून घ्यायची, चालायची, परत द्यायची. "आबा, तुम्ही दोन घरं पुढं," असं मोठ्यानं सांगायची. आबा मान हलवायचे.

आता बेटाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. बेट हा एकमेकांविरुद्ध खेळायचा खेळ नाही, सगळ्यांनी मिळून खेळायचा. चौकोनी तुकड्यांचं एक बेट मांडायचं आणि ते बुडत असतं. प्रत्येक पाळीनंतर दोन पानं उलटायची, त्या पानांवरचे तुकडे पाण्याखाली जातात. बेटावर तीन कंदील विखुरलेले असतात, ते गोळा करायचे, धक्क्यावर पोहोचायचं आणि होडीत बसून निघायचं. एका पाळीत तीनच घरं चालता येतं. माझी सोंगटी निळी, अक्काची पिवळी, आबांची ती मूठ. खोक्याच्या झाकणात अक्काच्या टपोऱ्या अक्षरात नियमांचा एक पुठ्ठा असायचा, मला तेवढाच माहीत. इंग्रजी पुस्तकाला मी कधी हात लावला नाही. घरात इंग्रजीची मास्तरीण असताना लावू कशाला? पुठ्ठ्यावर शेवटी लिहिलं होतं, 'तिन्ही कंदील घेऊन होडी सुटली की डाव जिंकला. एखादा मागे राहिला तरी चालेल.' आणि दर रविवारी चारच्या सुमाराला हेच व्हायचं. मी आणि आबा धक्क्याला लागायचो, अक्काची पिवळी सोंगटी शेवटचा कंदील आमच्या हाती पोहोचवून कुठेतरी पलीकडे अडकलेली असायची, मधले तुकडे बुडालेले. मी म्हणायचो, तू पण ये की, दोन पाळ्या थांबतो. ती घड्याळाकडे बघायची आणि बसची वेळ झाली हे आमच्या घरच्या बोलीत सांगायची, "तुम्ही निंघा, मी थांबस. बसना टाईम व्हयना." होडी सुटायची. मी दोन्ही हात वर करून "जिंकलो!" म्हणायचो. अक्का आबांच्या हातावर टाळी द्यायची. मग मी चपला घालायचो.

असा साठ-सत्तर वेळा तरी मी जिंकलो असेन.

गेल्या वर्षी मानसीने तिला फोनवर सांगितलं की जळगावला मेहरूणला तलावाजवळ एका कॉफीच्या दुकानात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे खेळ खेळणारी मंडळी जमतात. सकाळी अकरा ते पाच. कोणीही जावं, आपापले खेळ न्यावेत. अक्काने मला विचारलं ते किती सांभाळून... "राजू, एक रविवार मला देशील? तू इथं आबांजवळ बस, मी तिकडं जाऊन येते. अनोळखी माणसांशी खेळून बघायचंय. तू तर आता हरून हरून पाठ झालायस." मी म्हटलं, जा की, त्यात काय. पहिल्या महिन्यात कारखान्यात ऑर्डर होती. दुसऱ्या महिन्यात पहूरला मामेभावाच्या मुलीचं लग्न. तिसऱ्या महिन्यात माझी कंबर धरली, म्हणजे खरंच धरली होती, पण तेवढी नव्हती. तिने तीनही वेळा "बरं" एवढंच म्हटलं. चौथ्या महिन्यात मी शनिवारीच धुळ्याला गेलो. रविवारी सकाळी तिने आबांचं सगळं आटोपलं, मला औषधांची चिठ्ठी लिहून दिली, निळी साडी नेसली, पिशवीत रूळ आणि पक्षी घेतले आणि डब्यात कळण्याची भाकरी. जिन्यावरून तिचा उतरण्याचा आवाज येत होता. शाळेत जाताना उतरायची तशी भरभर उतरत होती.

आठची बस तिला मिळाली. साडेआठला आबांनी अंथरूण घाण केलं. मी साफ करायला गेलो तर त्यांनी माझा हात झटकला, पालथे व्हायला बघत होते, "विजू... विजू..." असं सुरू झालं. मी समजावलं, रागावलो, मग ओरडलोच. आबा हमसाहमशी रडायला लागले. सगळीकडे वास, चादर अर्धी निघालेली, आणि ती निघेना. समोरचं दार वाजवलं असतं तर भाभी धावत आल्या असत्या. पण बापाचं मला करता येत नाही हे शेजारणीला दाखवायची मला लाज वाटली. ही लाज मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. त्यापेक्षा मला अक्काला फोन करणं सोपं वाटलं. सव्वानऊ झाले होते. म्हणालो, "अक्का, कुठपर्यंत गेलीस?" ती खुशीत होती, "पारोळ्याच्या स्टँडवर थांबलीय बस. का रे?" मी म्हणालो, "नाही... आबा ऐकत नाहीयेत." पलीकडे थोडा वेळ कंडक्टरचा, भेळवाल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "बरं. उतरते."

साडेदहाच्या पुढे ती परत आली. निळी साडी बदलली, पदर खोचला, पंधरा मिनिटांत आबा स्वच्छ, खोली स्वच्छ, खिडकी उघडी. आबा तिच्याकडे बघून हसले. मी गॅलरीत उभा राहून टाक्या मोजत होतो. मागून ती आली, हातात बेटाचा खोका. "चल, मांड. तुझ्या बसला अजून पाच तास आहेत." तिने चिडायला हवं होतं. चार शब्द सुनावायला हवे होते, ते मला आज पुरले असते. आम्ही दोन डाव खेळलो, दोन्ही जिंकलो, आणि मी नेहमीसारखा साडेचारच्या बसने निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं. पुन्हा तिने मेहरूणचं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. त्यानंतर सहा महिन्यांत ती गेली.

आबांना आम्ही जळगावला आणलं. रुग्णवाहिकेत त्यांच्या डाव्या हातात ती लाटण्याची मूठ होती, काढून घ्यायची कोणाची हिंमत झाली नाही. माझी बायको वैशाली शाळेत शिक्षिका आहे, ती सकाळी जाते. मी बिनपगारी रजेवर आहे आणि ती संपल्यावर काय, हा विचार आम्ही दोघंही टाळतो. दर दोन तासांनी कूस बदलतो. पहिल्या आठवड्यात आबांनी मला दोनदा चावा घेतला, आता घेत नाहीत. मेहरूणचा तलाव आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, पण मी या दिवसांत तो पाहिलेला नाही. कोपऱ्यावर दूध आणायला गेलो तरी पाय आपोआप भराभर पडतात. आमच्या खिडकीतून एक विजेचा खांब आणि एका शेजाऱ्याचा पत्रा दिसतो. परवा माझ्या लक्षात आलं की मी पत्र्यावरचे खिळे मोजतोय. अकरा वर्षं, आणि मी तिला औषधं आणून दिली की ती खूश होईल असं समजत होतो.

तीन आठवड्यांपूर्वी रुबिनाभाभी एका लग्नासाठी जळगावला आल्या होत्या, त्या आबांना भेटायला घरी आल्या. बरोबर एक वही आणली होती. "ताईंची आहे. नियमांची. माझ्याकडे राहिली होती." अक्का त्यांच्याशीही खेळायची हे मला माहीत होतं, दुपारी आबा झोपले की मशीनवरचं काम बाजूला ठेवून त्या यायच्या. वैशालीने चहा टाकला आणि आम्ही आबांच्या पलंगाशी स्टूल ओढून बेट मांडलं. भाभींनी पिवळी सोंगटी घेतली. डाव रंगात आला. मी आणि आबा धक्क्यावर पोहोचलो, तिसरा कंदील हातात आला, पिवळी मागे राहिली होती. मी सवयीने होडी पुढे सरकवली आणि म्हणालो, "जिंकलो."

भाभींनी होडीवर बोट ठेवलं. "हे कसं जिंकलो, भाऊ? मी तर अजून इथंच आहे ना."

मी झाकणातला पुठ्ठा दाखवला. त्यांनी तो वाचला, मग वही उघडून माझ्यापुढे धरली. तेच टपोरं अक्षर. 'सगळे होडीत बसल्याशिवाय होडी सुटत नाही. एक जरी मागे राहिला तरी सगळे हरले.' मी इंग्रजी पुस्तक काढलं, पहिल्यांदाच. तिथेही तेच होतं. भाभी म्हणाल्या, "आम्ही दोघी तर असंच खेळायचो. कितीदा हरायचो, पण ताई सोडायच्या नाहीत. एकदा तर मला काढायला त्या सगळ्या बेटाला वळसा घालून आल्या. तो पुठ्ठा म्हणजे रविवारचा नियम. तुमच्यासाठी." मी विचारलं, का? मला वाटलं होतं त्या काहीतरी मोठं सांगतील, अक्काच्या मनातलं. भाभी साधेपणानं म्हणाल्या, "तुमची साडेचारची बस असायची ना, भाऊ. सगळ्यांना काढायचं म्हणजे डाव लांबतो. त्या म्हणायच्या, राजू हरून गेला की आठवडाभर तोंड पाडून बसतो, त्याला जिंकूनच पाठवायचं."

मी आत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिलो.

म्हणजे तिला नियम ठाऊक होता. मला क्षणभर आशा वाटली होती की तिने तो चुकीचा वाचला असेल. दर रविवारी, जिंकलो म्हणून मी हात वर करायचो तेव्हा, आपण तिघंही हरलो आहोत हे ती जाणून होती, आणि आबांना टाळी देत होती. मला तिचा राग येतो. एकदा, एकदाच म्हणायचं ना, अरे गाढवा, मी अजून इथंच आहे. भाभी म्हणाल्या तसं. पण मला ते न सांगताही दिसायला हवं होतं. पिवळी सोंगटी माझ्या डोळ्यांसमोर तर असायची. गेल्या आठवड्यात वैशाली मला म्हणाली, "तुम्ही जा, तलावावर चक्कर मारून या, मी थांबते." मी तिच्यावर असा खेकसलो की ती बिचारी चमचा हातात धरून उभीच राहिली. तिला काय माहीत, तिने कोणाचं वाक्य उच्चारलं ते. नंतर मी तिला सगळं सांगितलं, पारोळ्यासकट.

आता आम्ही रविवारी बेट खऱ्या नियमाने खेळतो. वैशालीची हिरवी, माझी निळी, आबांची मूठ. आणि पिवळी बेटाच्या मधोमध मांडतो; तिची चाल आम्ही दोघं ठरवून चालतो. चौघंही निघाले पाहिजेत. आजवर आम्ही एकही डाव जिंकलेलो नाही. काल वैशाली तिच्या आईकडे गेली होती, म्हणून मी आणि आबाच होतो. तीन कंदील मिळाले. मी आणि आबा धक्क्यावर, पिवळी पार पलीकडच्या टोकाला, मधले चार तुकडे पाण्यात. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. आबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या निळ्या सोंगटीला बोटाने होडीकडे ढकललं. शब्द तोंडात गोळा करायला त्यांना वेळ लागतो. "बसना... टाईम... व्हयना," ते म्हणाले. आवाज त्यांचा होता, हेल अक्काचा.

बस नाही, मी आता इथंच आहे हे मी त्यांच्याच बोलीत सांगितलं, "आबा, आते बस नही शे. आते मी आठेच शे."

मग त्यांनी आपली लाटण्याची मूठ डाव्या हाताने उचलली. घरं मोजली नाहीत, पाणी पाहिलं नाही, सरळ पट पार करून ती थरथरत नेली आणि पिवळ्या सोंगटीच्या शेजारी टेकवली. तसं करता येत नाही, एका पाळीत तीनच घरं. पण आबांना कोण सांगणार? धक्क्यावर मी एकटा उरलो. पुढची पाळी माझी होती. मी निळी सोंगटी उचलली आणि त्या दोघांच्या दिशेने मोजून तीन घरं मागे आलो.